जिवलगाचा धर्मत्याग आणि मागे राहिलेल्याचे मन : 'स्मृतिचित्रे'च्या अनुषंगाने

धर्मांतराचा विचार मराठी साहित्यसमीक्षेत बहुधा धर्म सोडणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने झाला आहे. तिने धर्म का सोडला, कोणत्या ग्रंथाने वा व्यक्तीने तिच्यावर प्रभाव टाकला, तिला कोणता छळ सोसावा लागला, याची चर्चा एकोणिसाव्या शतकापासून होत आली. परंतु धर्मत्याग ही एकट्याची घटना कधीच नसते. एक मनुष्य उंबरठा ओलांडतो तेव्हा उंबरठ्याच्या आत आई, पत्नी, भाऊ, मूल अशी माणसे उभी असतात. त्यांनी काही सोडलेले नसते आणि काही स्वीकारलेलेही नसते. तरी त्यांचे सारे जीवन त्या क्षणी बदलून जाते. या मागे राहिलेल्या माणसाच्या मनाचा शोध मराठी आत्मपर लेखनाने कितपत घेतला, आणि तो शोध ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांपुरताच मर्यादित राहिला की ख्रिस्ती धर्म सोडणाऱ्यांच्या घरांपर्यंतही पोहोचला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे या विवेचनाचे मध्यवर्ती पुस्तक असून पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार, साताऱ्यातील 'देवाचा दरबार' आणि १९२८ मधील गोव्याचे शुद्धीकरण यांचा विचार त्याच्या संदर्भात केला आहे.

१. शब्दांचा प्रश्न

विवेचनाच्या आरंभी भाषेकडे लक्ष देणे इष्ट ठरेल. हिंदू घरातील कोणी ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला की त्यासाठी मराठीत 'बाटणे' हे क्रियापद सहज येते. या शब्दात विचारांतराची छटा नाही, विटाळाची आहे. माणसाचे मत बदलले असे तो सांगत नाही. माणूस अशुद्ध झाला असे सांगतो. म्हणूनच त्याच्या परतीसाठी 'शुद्ध करून घेणे' हा प्रयोग रूढ झाला. ख्रिस्ती मंडळीच्या बोलीत मात्र वेगळी शब्दयोजना दिसते. तेथे माणूस 'विश्वासातून ढळतो' किंवा 'मागे पडतो'. येथे कल्पना विटाळाची नसून वाटचालीची आहे : चालता चालता कोणी मागे राहिला, कोणी वाट सोडली.

या दोन शब्दसमूहांतून दोन निरनिराळी दुःखे व्यक्त होतात. विटाळाची भाषा बोलणाऱ्या घराला पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा, पानाचा, पंक्तीचा. वाटचालीची भाषा बोलणाऱ्या घराला प्रश्न पडतो तो आत्म्याच्या गतीचा. पहिल्या घराला लोक काय म्हणतील याची धास्ती असते, तर दुसऱ्याला मृत्यूनंतर भेट होईल की नाही याची. व्यवहारात ही दोन्ही दुःखे एकमेकांत मिसळतात, हे खरे; तथापि अभ्यासकाने ती आरंभी वेगळी ओळखली पाहिजेत. अन्यथा एका परंपरेचे दुःख दुसऱ्या परंपरेच्या मापाने मोजले जाण्याचा धोका संभवतो.

२. पूर्वपीठिका : घर, न्यायालय आणि कायदा

मराठी समाजात हा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो मुंबईत. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयास गेला होता. परंतु तो अल्पवयीन असल्याने वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला.

श्रीपत शेषाद्री प्रकरण पुष्कळ वेळा बाळशास्त्री जांभेकरांच्या सुधारकी भूमिकेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन स्वजातीत घ्यावे असा पक्ष बाळशास्त्रींनी उचलून धरला आणि त्यावरून ब्रह्मवृंदात दोन तट पडले, हा इतिहास परिचित आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व निराळे आहे. एकाच बापाचे दोन मुलगे. एक कायमचा गेला, दुसरा हाती आला. हाती आलेल्या मुलाला घरात घेण्याची बापाची इच्छा होती, पण समाजाने त्याला पंक्तीत घ्यावे की नाही हा प्रश्न बापाच्या हातात राहिला नाही. माघारी आलेल्याला स्वीकारणे हे गेलेल्याला विसरण्याइतकेच अवघड होते, असे या प्रकरणावरून दिसून येते. नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले व जालना येथील त्यांच्या कार्याने प्रसिद्धी पावले. धाकट्या भावाच्या मनात काय चालले होते, याचे आत्मकथन मात्र मराठी वाङ्मयाला लाभले नाही.

१८५० च्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा पती वा पत्नी त्या कारणाने नांदावयास नकार देत असेल तर विवाह विच्छिन्न करण्याची वाट मोकळी केली. मालमत्ता आणि विवाह यांविषयी कायदा बोलला. परंतु ज्या स्त्रीचा पती जिवंत आहे, परागंदा नाही, दुसरी स्त्री करून बसलेला नाही, आणि तरीही जिच्या घरातून तो नाहीसा झाला आहे, अशा स्त्रीच्या मनःस्थितीला कोणत्याही कलमात नाव नव्हते. ते नाव 'स्मृतिचित्रे'ने दिले.

३. 'अरुणोदय' : जाणाऱ्याचा दृष्टिकोन

'स्मृतिचित्रे'चे वेगळेपण लक्षात येण्यासाठी बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'शी त्याची तुलना उपयुक्त ठरते. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकच कथनाची दिशा सांगते : अंधाराकडून प्रकाशाकडे. अशा रचनेत घर हे अपरिहार्यपणे रात्रीच्या बाजूला पडते. आप्तांचे दुःख लेखकाला दिसत नाही असे नव्हे, पण कथनाच्या अर्थव्यवस्थेत ते दुःख म्हणजे साधकापुढची परीक्षा असते. ती ओलांडली की कथन पुढे जाते. आप्त तेथेच थांबतात.

यात लेखकाचा दोष मानण्याचे कारण नाही. धर्मांतराचे आत्मकथन हा वाङ्मयप्रकारच असा आहे की त्यात पूर्वायुष्याला उत्तरायुष्याची प्रस्तावना व्हावे लागते. १८५७ च्या 'यमुनापर्यटना'तही पदमनजींना विधवांची दुःस्थिती दाखवावयाची आहे आणि कथेचा ओघ ख्रिस्ती धर्माकडेच वळतो. जाणाऱ्याच्या कथेला शेवट असतो. मागे राहिलेल्याच्या कथेला तो सहसा नसतो, आणि वाङ्मयीन दृष्ट्या खरी अडचण तेथेच आहे.

४. 'स्मृतिचित्रे' : मधल्या पाच वर्षांचे वाङ्मय

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. या चार वर्षसंख्या एकत्र ठेवल्या म्हणजे ग्रंथाची वैशिष्ट्यपूर्ण स्थिती ध्यानात येते. पतीच्या धर्मत्यागाने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीची कथा जवळजवळ चाळीस वर्षांनंतर सांगितली जात आहे, आणि सांगणारी स्त्री आता स्वतः ख्रिस्ती आहे. तिला शेवट ठाऊक आहे. 'अरुणोदया'च्या वळणाने जावयाचे तर १८९५ ते १९०० हा काळ म्हणजे अज्ञानाचा शेवटचा प्रहर असे म्हणून ती मोकळी होऊ शकली असती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या पाच वर्षांतील आपल्या हट्टांना, सोवळ्याला, रडण्याला त्या हसतात. पण ते हसणे वरून खाली पाहणाऱ्याचे नाही. ज्या आप्तांनी त्या काळात त्यांना सांभाळले त्यांच्याविषयी पुढे धर्म बदलल्यानंतरही त्यांच्या लेखणीत कडवटपणा येत नाही.

या काळाच्या चित्रणातील तीन गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट सामाजिक स्थानाची. लक्ष्मीबाई या काळात पंढरपुरास व अन्यत्र आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्या सधवा होत्या. कुंकू होते, मंगळसूत्र होते. पण ज्याच्या नावाने ते ल्यावयाचे तो जातीबाहेर होता. विधवेसाठी समाजाने कठोर का होईना, एक जागा ठरवून ठेवली होती. टाकलेल्या स्त्रीसाठीही एक उपेक्षेची जागा होती. धर्म सोडून गेलेल्या, परंतु पत्नीला न टाकलेल्या पुरुषाच्या स्त्रीसाठी कोणतीच जागा ठरलेली नव्हती. शोक करावा तर मनुष्य जिवंत, वाट पाहावी तर तो येणार कोणत्या घरात? दुःखाचा काळ संपल्याची खूण सांगणारा कोणताही विधी नसणे, हे या दुःखाचे लक्षण आहे. सुतक फिटते, हे फिटत नाही.

दुसरी गोष्ट संवादाची. टिळक उत्तम वक्ते व कवी होते. पत्नीचे मन वळविण्याची त्यांना तळमळ होती. परंतु ग्रंथाचे बारकाईने वाचन केले असता असे दिसते की लक्ष्मीबाईंच्या मनाचे परिवर्तन वादात हरल्यामुळे झालेले नाही. पतीकडे परतल्यानंतरही काही काळ त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळेच होते, आणि टिळकांनी त्या वेगळेपणाला घरात जागा दिली. एका छपराखाली दोन चुली, ही तडजोड सिद्धान्ताच्या दृष्टीने विसंगत आणि गृहजीवनाच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची होती. पतीने स्वतःचे मत लपविले नाही व पत्नीनेही आपले मत सोडले नाही, परंतु एकमेकांना भेटण्याची अट म्हणून कोणी मतैक्य मागितले नाही.

तिसरी गोष्ट देहाची. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांच्या विलक्षण सोवळ्याचे वर्णन ग्रंथाच्या आरंभी येते. १८५७ च्या धामधुमीत घरावर आलेल्या आघातानंतर त्यांच्या मनाने विटाळाचा ध्यास घेतला आणि साऱ्या घरालाच ते धुण्याचे व्रत लागले. विनोदाने सांगितलेला हा भाग पुढील कथेचा पाया आहे, हे फारसे लक्षात घेतले गेले नाही. ज्या मुलीच्या हाडीमाशी विटाळाचे भय भिनले होते तिच्यापुढे पतीच्या धर्मांतराचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा म्हणून उभा राहणे शक्यच नव्हते. तो तांब्याचा, पाटाचा, पाण्याचा प्रश्न होता. म्हणूनच तिचे मन पालटले तेव्हाही प्रथम पालटला तो जातिभेदाविषयीचा विचार : माणसाने केलेले भेद देवाचे असतील कसे, हा प्रश्न तिच्यात बाप्तिस्म्याच्या आधी उगवला. ख्रिस्ताविषयीची श्रद्धा त्यानंतरची. विटाळाची भीती गेली आणि मग श्रद्धेला वाट मिळाली, हा क्रम 'स्मृतिचित्रे'चा स्वतःचा आहे आणि कोणत्याही प्रचारपुस्तिकेच्या क्रमाशी तो जुळत नाही.

ग्रंथभर लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख 'टिळक' असाच करतात. हा उल्लेख जवळिकीचा आहे तसाच अंतराचाही आहे. आपल्या माणसाच्या आत आपल्याला न कळणारे एक दालन आहे, हे मान्य करून त्याच्यावर प्रेम करणारी ही दृष्टी आहे. जिवलगाच्या धर्मत्यागाला सामोरे जाण्याचे जे शहाणपण या ग्रंथात आहे ते उपदेशात सापडणार नाही. ते या संबोधनाच्या सुरात आहे.

५. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन : ख्रिस्ती बाजूचे दुःख

येथवर विचार झाला तो हिंदू घरातून ख्रिस्ती झालेल्यांचा. आता उलट बाजू पाहावयाची. ख्रिस्ती श्रद्धेतून आपले माणूस निसटत आहे असे वाटले तेव्हा ख्रिस्ती मन कसे वागले? मराठी जगताशी संबंधित असा सर्वांत समृद्ध पुरावा पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. दोन वर्षांतच या नात्यात ताण निर्माण झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांविषयी रमाबाई स्वतंत्रपणे प्रश्न विचारू लागल्या आणि आपल्या सद्सद्विवेकाला पटल्याखेरीज काही मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. जेराल्डिनबाईंच्या दृष्टीने हे ढळणे होते. त्यांच्या पत्रांत माया आहे, चिंता आहे, आणि त्याचबरोबर रमाबाईंच्या प्रश्नांना अहंकार व आज्ञाभंग समजण्याची वृत्तीही आहे. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाचा मुद्दा आला तेव्हा हा ताण अधिक तीव्र झाला. मूल कोणाच्या श्रद्धेत वाढणार, हा प्रश्न मोठ्यांच्या मतभेदाला नेहमीच धार आणतो.

याच पत्रव्यवहारात चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा स्वर वेगळा उमटतो. रमाबाईंच्या शंका दडपण्याने जाणार नाहीत, त्या मोकळेपणी बोलू दिल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. एकाच व्यक्तीच्या एकाच संकटाला दिलेले हे दोन प्रतिसाद अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचावेत. जेराल्डिन रमाबाईंवर कमी प्रेम करीत होत्या असे म्हणता येणार नाही. कदाचित अधिकच करीत होत्या. परंतु प्रेमाबरोबर आलेली भीती त्यांच्या पत्रांना जाब विचारण्याचे वळण देते. बीलबाईंना रमाबाईंच्या श्रद्धेपेक्षा त्यांच्या प्रामाणिकपणाची खात्री अधिक वाटते, आणि म्हणून त्या थांबू शकतात. रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही, पण त्यांची श्रद्धा कोणत्याही एका चर्चच्या चौकटीत बसलीही नाही. केडगावच्या मुक्तिसदनातून उभे राहिलेले कार्य पाहता बीलबाईंच्या धीराला काळाने पाठबळ दिले, असे म्हणता येते. मात्र काळाने तसे पाठबळ दिले नसते, रमाबाई ख्रिस्ती श्रद्धेपासून पूर्ण दूर गेल्या असत्या, तरी बीलबाईंचा मार्ग चुकीचा ठरला नसता, हेही नमूद केले पाहिजे. धीराचे समर्थन परतीवर अवलंबून ठेवले तर तो धीर राहत नाही, तो सौदा ठरतो.

ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथांत या दोन्ही वृत्तींना आधार सापडतो. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात बाप मुलाच्या मागे धावत जात नाही, त्याला अडवीतही नाही. तो वाटेकडे डोळे लावतो. दृष्टान्तातला थोरला भाऊ घरातच आहे, पण परतलेल्याला पाहून रागावतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने, विश्वास न ठेवणारा पती वा पत्नी एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असे सुचविले आहे. म्हणजे श्रद्धाभेद असलेल्या घराची कल्पना या परंपरेला नवी नाही. लक्ष्मीबाई आणि टिळक यांच्या दोन चुलींच्या घराला तिचा आधार देता येतो.

६. सातारा, १९१७ : दुसरा त्याग

टिळकांच्या आयुष्यात त्याग एकदाच घडला नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची वेतनाची सेवा सोडली, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. टिळकांनी ख्रिस्ताला सोडले नव्हते. परंतु ज्यांच्या दृष्टीने ख्रिस्त आणि मिशन ही एकच गोष्ट होती त्यांना हा मनुष्य आपल्यातून चालला असे वाटणे स्वाभाविक होते. १८९५ मध्ये ब्राह्मण समाजाने अनुभवलेली दुराव्याची भावना बावीस वर्षांनी निराळ्या रूपात ख्रिस्ती मंडळीच्या वाट्यास आली.

लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहता १८९५ आणि १९१७ या दोन घटनांत एक सातत्य आहे. दोन्ही वेळा पती एका आंतरिक हाकेने घर आणि सुरक्षितता यांपासून दूर जातो. फरक इतकाच की पहिल्या वेळी पत्नीला त्या हाकेची भाषा परकी होती, दुसऱ्या वेळी ती ओळखीची होती. तरीही भाषा ओळखीची झाल्याने संसाराचा प्रश्न सुटत नाही. संन्यास एकाचा असला तरी त्याचा खर्च घरातील सर्वांवर पडतो, याचे भान 'स्मृतिचित्रे'तील गृहिणीने कधी सुटू दिले नाही. टिळकांचे ९ मे १९१९ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले व रक्षा अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नेण्यात आली. ख्रिस्ती होऊनही चितेची निवड करणारा हा मनुष्य शेवटपर्यंत दोन्ही घरांना पूर्ण कळला नाही. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले : टिळकांचे अकरा अध्याय, त्यानंतरचे चौसष्ट लक्ष्मीबाईंचे, आणि अखेरचा देवदत्त टिळकांचा. एकेकाळी ज्याच्या धर्मत्यागाने जगणे नकोसे झाले, त्याचेच अपुरे महाकाव्य हाती घेणे, यापेक्षा मोठे वाङ्मयीन उत्तर मराठीत क्वचितच सापडेल.

७. परतलेले आणि राहिलेले : एक मौन

टिळकांच्या दरबाराचा सातारा जिल्हा तेव्हा बराच विस्तृत होता. वाळवे तालुक्याचे इस्लामपूर त्या जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, तर इस्लामपूर, मिरज, सांगली, कोडोली या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्याच सातारा जिल्ह्यातील मसूरचे विनायक महाराज मसूरकर यांनी १९२८ मध्ये गोव्यात जाऊन सुमारे सात-आठ हजार ख्रिस्ती गावड्यांना हिंदू धर्मात घेतले. एकाच जिल्ह्याच्या मातीतून अकरा वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन हालचाली साहित्याभ्यासकांनी एकत्र पाहिलेल्या नाहीत.

गोव्यातील या घटनेचा घरांवर झालेला परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. शुद्धीनंतर हे लोक 'नवहिंदू गावडे' म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या हिंदू गावड्यांनी त्यांच्याशी सोयरीक करण्यास दीर्घकाळ टाळाटाळ केली, आणि जे ख्रिस्तीच राहिले त्यांच्याशी असलेली सोयरीक तुटली. परिणामी एका मूळ समाजाचे तीन तुकडे झाले. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात एका मुलापुरता असलेला प्रश्न येथे हजारोंचा झाला : परत येणे सोपे, परत घेतले जाणे कठीण. जे बहीण-भाऊ ख्रिस्ती राहिले त्यांनी हा दुरावा कसा सोसला, सणाच्या दिवशी कोणाकडे पान वाढले गेले आणि कोणाकडे नाही, याचे 'स्मृतिचित्रे'च्या तोलाचे आत्मकथन मराठीत लिहिले गेले नाही.

या मौनाची कारणे शोधणे अवघड नाही. लक्ष्मीबाईंच्या मागे शिक्षित कुटुंब, नियतकालिक आणि एका कवीचे घर होते. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे मूळच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न कधीच केवळ श्रद्धेचा राहू दिला गेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली; १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा तीत समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर त्याच वस्त्यांत एक नवी आणि स्वाभिमानी वाटही उघडली. अशा परिस्थितीत एखाद्या घरातील मुलगा ख्रिस्ती धर्म सोडतो तेव्हा त्यामागे श्रद्धा ढळणे, नवा विचार पटणे, दाखल्याची निकड आणि विवाहाची सोय यांतील कोणते कारण किती, हे त्याच्या आईलाही सांगता येईलच असे नाही. कारण निश्चित कळत नसल्याने दुःखालाही नाव मिळत नाही. ती आई रविवारी उपासनेला एकटी जाते. मुलगा तिला चर्चच्या दारापर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो, असे चित्र कल्पनेतले असले तरी अशक्य कोटीतले नाही. मराठी साहित्याने त्या दाराशी अद्याप पुरेसा वेळ घालविलेला नाही.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकविताना विनोद, निरागसता, बोलीचा गोडवा या गुणांवर भर दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास ग्रंथाचा कणा हाती लागत नाही. कृष्णाकाठच्या कोणत्याही महाविद्यालयात समोरच्या बाकांवर हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत, बौद्ध, ख्रिस्ती अशा घरांतील मुले-मुली बसलेली असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी धर्मभेदाचा प्रश्न चुलीपर्यंत आलेला असू शकतो. अशा विद्यार्थ्याला 'स्मृतिचित्रे' ही ख्रिस्ती धर्माच्या विजयाची कथा म्हणून शिकविली, तर ख्रिस्ती धर्म सोडून गेलेल्याच्या बहिणीला तिच्यात काही उरत नाही. ती अंधश्रद्धेवरच्या हास्याची कथा म्हणून शिकविली, तर सोवळे पाळणाऱ्या आजीच्या नातवाला ती परकी होते. मतभेद असूनही एकत्र राहण्याच्या कष्टाची कथा म्हणून ती शिकविली गेल्यास दोघांनाही तिच्यात आपले घर दिसू शकते.

संशोधकांनी या संदर्भात मौखिक सामग्रीकडे वळणे आवश्यक आहे. मंडळ्यांची बाप्तिस्मा व विवाह यांची दप्तरे, 'ज्ञानोदया'चे जुने अंक, गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ही सामग्री लवकर नाहीशी होणारी आहे. ती गोळा करताना कोण का गेले हा प्रश्न विचारण्याची घाई करू नये. जे गेले त्यांच्याशी नंतर बोलणे राहिले का, लग्नकार्याला बोलावणे झाले का, आजारपणात कोण उशाशी बसले, या प्रश्नांच्या उत्तरांतून श्रद्धेविषयी अधिक कळण्याचा संभव आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की जिवलगाचा धर्मत्याग सोसण्याचे जे दर्शन मराठी आत्मपर वाङ्मयात घडते, त्यात धर्माची दिशा गौण ठरते. हिंदू धर्म सोडणाऱ्या टिळकांची पत्नी आणि ख्रिस्ती सिद्धान्तापासून दूर जाऊ पाहणाऱ्या रमाबाईंची धर्ममाता यांच्या दुःखाची जात एक आहे : आपण ज्याला सर्वांत मोलाचे मानतो ते आपल्या माणसाला मोलाचे वाटत नाही. या दुःखावर वादाने उपाय झाल्याचे एकही उदाहरण या साहित्यात आढळत नाही. धाक घातल्याने नाते आकसले, आणि वेगळेपणाला घरातच जागा दिल्याने ते टिकले, एवढे मात्र निश्चितपणे दिसते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत त्या जागेतून पुढे समान श्रद्धा उगवली. प्रत्येक घरात तसे होईल असे नाही. तरीही वेगळी चूल मांडू देणारे घर हे चूल विझविणाऱ्या घरापेक्षा मोठे असते, ही 'स्मृतिचित्रे'ची साक्ष श्रद्धेच्या कोणत्याही बाजूला उभ्या असलेल्या वाचकासाठी आजही अर्थपूर्ण आहे.